सायकलमागे दुकानाला उरते काय? ब्रँडशी भाव आणि वाटा ठरवण्याची रीत

भावपत्रकावर '२५ टक्के मार्जिन' असे लिहिलेले असते, पण त्या टक्क्यांनी भाडे भरले जात नाही. भाडे भरले जाते ते गल्ल्यात उरलेल्या रुपयांनी. म्हणून ब्रँडशी बोलायला बसण्याआधी एकच आकडा हाताशी हवा: ही सायकल ग्राहकाच्या हातात दिल्यावर, तिच्यावर झालेला सगळा खर्च वजा जाता किती रुपये उरतात आणि त्यासाठी पैसे किती दिवस अडकतात. हा आकडा काढायचा कसा आणि त्याच्या जोरावर मागायचे काय, ते पुढे सांगितले आहे. किमतींची उदाहरणे नमुन्यादाखल आहेत. तिथे आपल्या दुकानाचे आकडे टाका, रीत तीच राहते.

आधी एमआरपीतून जीएसटी बाजूला काढा

एमआरपी सर्व करांसह असते. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यामुळे सायकलच्या एमआरपीला १.०५ ने भागायचे. हेल्मेटवर १८ टक्के आहे, तिथे १.१८ ने. पाच टक्के सरळ वजा करण्याची सवय अनेकांना असते. सायकलमध्ये त्याने थोडाच फरक पडतो, पण ११८० रुपयांच्या हेल्मेटची मूळ किंमत १००० असताना १८ टक्के वजा केले की ९६८ येते आणि हिशेब तिथेच घसरतो.

आता एक गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) घेऊ. एमआरपी १५,७५० रुपये, म्हणजे मूळ किंमत १५,०००. ब्रँडचा डीलर भाव १२,००० अधिक जीएसटी ६००, एकूण बिल १२,६००. एमआरपी आणि बिल यांतला फरक ३,१५०. त्याला १२,६०० ने भागले तर २५ टक्के, १५,७५० ने भागले तर २० टक्के. रुपये तेच. सेल्समन पंचवीस म्हणतो, तो खोटे बोलत नाही. तो खरेदीवर मोजतो. पण दुसऱ्या ब्रँडचा माणूस '२२ टक्के' म्हणतो तेव्हा तो एमआरपीवर मोजत असेल, तर त्याचा भाव प्रत्यक्षात जास्त चांगला आहे. दोन ब्रँडची तुलना करताना सगळे टक्के करपूर्व विक्री किमतीवर आणून मग बोलावे. आणि हो, त्या ३,१५० मधले १५० रुपये सरकारचे आहेत. तुमचे ३,०००.

कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरू देणाऱ्या योजनेत) असाल तर गणित वेगळे. खरेदीवरच्या जीएसटीचा परतावा मिळत नाही, म्हणून १२,६०० हाच खर्च, आणि विक्रीवर १ टक्का कर खिशातून. ग्राहकाच्या बिलात तो वेगळा दाखवता येत नाही.

सूट कुठून जाते

एमआरपीला सायकल विकली जाणे हा आता अपवाद. ग्राहक मोबाइलवर दुसरीकडचा भाव दाखवतो, घासाघीस होते आणि व्यवहार १४,५०० ला मिटतो. सूट दिली १,२५० रुपये, एमआरपीच्या आठ टक्क्यांहूनही कमी. पण १४,५०० ला १.०५ ने भागले की १३,८१० येतात आणि त्यातून १२,००० गेले की उरतात १,८१०. तुमच्या तीन हजारांतले जवळजवळ ४० टक्के गेले. ब्रँडचा एक रुपयाही कमी झाला नाही. त्याचे बारा हजार जसेच्या तसे आहेत. सूट एमआरपीवर दिसते, पण कापली जाते ती फक्त दुकानाच्या वाट्यातून. बोलणी करताना हे एक वाक्य आकड्यांसह समोर ठेवले की सेल्समनकडे उत्तर नसते. मग तो स्कीमकडे वळतो. त्यावर पुढे बोलू.

पडतळ काढताना काय काय धरायचे

बिलाचा भाव म्हणजे पडतळ (नगामागे प्रत्यक्ष पडणारी किंमत) नव्हे. ट्रान्सपोर्टचे भाडे 'टू पे' (माल घेणाऱ्याने भरायचे) असेल तर ते आणि गोदामात उतरवण्याची हमाली: नगामागे १८० धरू. गिअरची सायकल कार्टनमध्ये बरीचशी जोडून येते. हँडल, पुढचे चाक, सीट, पायडल, स्टँड बसवणे, चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणे, ब्रेक आणि गिअर सेट करणे हे काम दुकानाचे. नीट केले तर तास-सव्वा तास लागतो. कारागिराचे २५० धरा. मोफत सर्व्हिसिंग दोनदा कबूल केलेले असते. सगळे ग्राहक येत नाहीत म्हणून सरासरी २००. घंटी, बाटलीचा स्टँड अशा 'वरून दिलेल्या' वस्तूंची खरेदी २००. ग्राहकाने क्रेडिट कार्ड वापरले आणि मशिनवाला १.८ टक्के कापत असेल तर २६१. यूपीआयने बँक खात्यातून पैसे आले तर हा खर्च वाचतो.

राहिले व्याज. हे कोणी धरत नाही आणि इथेच गाडी फसते. सायकल सरासरी ९० दिवस दुकानात उभी राहते आणि ब्रँड ३० दिवसांची उधारी देतो, म्हणजे ६० दिवस पैसे तुमचे. १२,६०० वर १२ टक्क्यांनी साठ दिवसांचे व्याज २४९ रुपये. बँकेचे कर्ज नसले तरी धरायचेच. तेच पैसे दुसऱ्या मालात फिरले असते.

बेरीज १,३४०. एक हजार आठशे दहामधून ती गेली की उरतात ४७० रुपये. दुकानाचे भाडे तीस हजार आणि महिन्याला चाळीस सायकली जात असतील तर भाड्याचाच वाटा नगामागे ७५०. पंधरा हजारांची सायकल विकून २८० रुपयांचा खड्डा. तो भरून निघतो पंक्चर, ओव्हरऑइलिंग, टायर-ट्यूब, लॉक आणि हेल्मेटवर. सर्व्हिसिंग चालणारी दुकाने टिकतात आणि नुसता शोरूम थाटलेली बसतात, त्याचे कारण या बेरजेत आहे.

आता लहान मुलांची २० इंची सायकल पाहा. एमआरपी ५,२५०, मूळ किंमत ५,०००, डीलर भाव ३,६००. विकली ४,८०० ला. करपूर्व ४,५७१, म्हणजे ढोबळ नफा ९७१. फिटिंग १२०, भाडे-हमाली ९०, वरून दिलेले ८०, साठ दिवस उभी राहून तीस दिवसांची उधारी वजा जाता व्याज ३७. उरले ६४४. एक तृतीयांश किमतीची सायकल, जागा अर्धी, आणि उरते जास्त.

तुलना आणखी नेमकी करायची तर अडकलेल्या रुपयामागे वर्षाचा ढोबळ नफा काढा: एका नगाचा ढोबळ नफा गुणिले वर्षात माल किती वेळा फिरतो, भागिले डीलर भाव. गिअरची सायकल वर्षातून चार वेळा फिरते, म्हणून रुपयामागे सुमारे ६० पैसे. मुलांची सहा वेळा फिरते. रुपयामागे १ रुपया ६२ पैसे. प्रत्येक मॉडेलचा हा आकडा एका वहीत लिहून ठेवा. कोणत्या ब्रँडला भिंतीवरची दर्शनी जागा द्यायची याचा निकाल त्या वहीने लावावा, फ्लेक्स कोण फुकट देतो यावर नव्हे. एवढे खरे, की महागडी सायकल घेणारा पुढे सर्व्हिसिंगला, सुट्या भागांना, कपड्यांना येत राहतो. तो पैसा त्या मॉडेलच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. फक्त अंदाजाने नको, बिले जोडून मांडा.

स्कीम: शेवटचे पंधरा नग

तिमाही स्कीम साधारण अशी असते: ५० नगांना २ टक्के, ७५ नगांना ३.५ टक्के. तिमाही संपायला चार दिवस उरलेत, तुमचे ६० नग झालेत. सेल्समनचा फोन येतो, "पंधराच उचला, सगळ्यावर साडेतीन मिळतील."

उचलण्याआधी कागदावर मांडा. ६० नगांवर २ टक्के म्हणजे १४,४००. ७५ नगांवर ३.५ टक्के म्हणजे ३१,५००. फायदा १७,१००. जादा पंधरा नगांचे बिल १,८९,०००. ते चार महिने पडून राहिले तर व्याज सुमारे ७,४५०. एवढ्यावर थांबले तर सौदा चांगला. पण मध्येच नवा रंग किंवा नवे मॉडेल आले आणि त्या पंधरा सायकलींवर हजार-हजार रुपये जास्त सूट द्यावी लागली, तर आणखी १४,३०० गेले. सतरा हजार मिळवायला पावणेबावीस हजार घातले. शिवाय एकेक कार्टन साडेचार फूट लांब. पंधरा कार्टनांनी गोदामात चालायची वाट राहत नाही.

जादा माल उचलायचाच असेल तर तो परीक्षा संपण्याआधी आणि दिवाळीआधी. एप्रिल-मेची सुट्टी, जूनमध्ये शाळा सुरू होणे आणि दिवाळी यांच्या तोंडावर घेतलेला माल फिरतो. जुलैच्या पावसात आलेला माल दिवाळीपर्यंत हलत नाही आणि दमट गोदामात रिमच्या तारांवर, चेनवर गंज धरतो, तो वेगळाच.

स्कीमबद्दल तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. मोजणी कशाची, बिल झालेल्या नगांची की ग्राहकाला विकलेल्या? टक्के कशावर, करपूर्व डीलर भावावर की एकूण बिलावर? आणि क्रेडिट नोट (तेवढी रक्कम तुमच्या खात्यात जमा केल्याचा ब्रँडचा कागद) किती दिवसांत? ३० दिवस योग्य. 'पुढच्या तिमाहीत ॲडजस्ट करू' हे चालवून घेतले की तीन तिमाहींचे पैसे ब्रँडकडे अडकतात आणि माणूस बदलला की आधीच्याने काय कबूल केले होते ते कोणाला आठवत नाही.

क्रेडिट नोट दोन प्रकारची असते, ते नीट बघा. जीएसटीसह आली तर तेवढे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) तुम्हाला उलटवावे लागते. जीएसटी न लावता, नुसती रकमेची आली तर इनपुट क्रेडिटला हात लावायचा नाही. तीन महिन्यांतून एकदा ब्रँडचे लेजर (त्यांच्या वहीतला तुमचा खातेउतारा) मागवून आपल्या खात्याशी ताडून पाहावे आणि फरक असेल तर त्याच आठवड्यात ईमेल करावी.

सहल, सोन्याचे नाणे, टीव्ही अशी बक्षिसे फुकट नसतात. १ जुलै २०२२ पासून व्यवसायात मिळालेल्या अशा वस्तुरूप लाभाचे मूल्य वर्षाला २०,००० च्या वर गेले की त्यावर १० टक्के टीडीएस लागतो आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. साठ हजारांच्या सहलीसाठी सहा हजारांचा टीडीएस कोणी भरायचा हे आधी विचारा. त्यापेक्षा तेवढीच रक्कम डीलर भावातून कमी करून मागावी. सहल आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तिला नफ्यात मोजू नये.

उधारी की रोखीची सूट

'४५ दिवस उधारी, सात दिवसांत भरले तर २ टक्के सूट' अशी अट असेल आणि हाताशी पैसा असेल, तर सूट घ्या. ३८ दिवस आधी पैसे देऊन दोन टक्के मिळतात, म्हणजे वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. बँकेची कॅश क्रेडिट त्याहून बरीच स्वस्त पडते. पैसा नसेल तर मात्र उधारी पूर्ण वापरा, पण ताणू नका: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे गेले नाहीत तर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. आणि पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, जसे लुधियानातले अनेक सुटे भाग करणारे असतात, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांची मर्यादा आहे. करार नसेल तर १५ दिवस.

एमओपी आणि ब्रँडची स्वतःची वेबसाइट

बरेच ब्रँड एमआरपीखाली एक 'एमओपी' ठरवतात: याच्याखाली विकायचे नाही. दुकानांनी एकमेकांचे गळे कापू नयेत हा हेतू वाईट नाही. पण पुनर्विक्रीची किंमत बांधून ठेवणे स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येते. डीलरांच्या सुटीवर बंधन घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ साली मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड लावला होता, कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. सायकल दुकानदाराने कोर्टाची भाषा करायची गरज नाही. एवढेच विचारायचे: हा नियम तुमच्या वेबसाइटलाही लागू आहे का?

बहुतेक वेळा इथे गप्पा थांबतात. म्हणून अट अशी लिहून घ्या: ब्रँडने स्वतः किंवा त्याच्या विक्रेत्याने ऑनलाइन एमओपीखाली भाव लावला, तर त्या दिवशी दुकानात असलेल्या त्या मॉडेलच्या नगांवर फरकाची क्रेडिट नोट. पुराव्याला तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि त्या दिवसाची स्टॉक यादी. हीच अट किंमत कपातीलाही लागू करा. ब्रँडने एमआरपी खाली आणली की जुना माल महाग पडतो. ३० किंवा ४५ दिवसांत घेतलेल्या मालाला तरी फरक मिळालाच पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरला तेव्हा १२ टक्क्यांनी घेतलेला माल ५ टक्क्यांनी विकावा लागला. पाच लाखांच्या मालावर साठ हजारांचे क्रेडिट जमा होते आणि साडेसहा लाखांच्या विक्रीवर कर लागला साडेबत्तीस हजार. बाकीचे जीएसटीच्या क्रेडिट खात्यात राहिले आणि पुढच्या विक्रीत वळते होत गेले. पैसा बुडाला नाही, अडकला. कंपोझिशनवाल्यांचे मात्र तेवढेही हाती लागले नाही.

आता दुसरी पद्धत जोर धरते आहे: ग्राहक ब्रँडच्या साइटवर पैसे भरतो, सायकल तुमच्या दुकानात येते, तुम्ही जोडून ताब्यात देता आणि ब्रँड नगामागे ठरावीक रक्कम देतो. समजा ८०० रुपये. फिटिंग २५०, उतरवणे ५०, मोफत सर्व्हिसिंग २०० वजा केले तर ३०० उरतात, एक पैसाही न गुंतवता. स्वतःचा माल विकून ४७० उरत होते हे आठवा. म्हणजे दिसते तेवढा हा सौदा वाईट नाही. वाईट तेव्हा, जेव्हा ग्राहक तुमच्या दुकानात येऊन बसून पाहतो, चालवून पाहतो, साइझ ठरवतो आणि तुमच्या काउंटरवरच उभे राहून ऑनलाइन ऑर्डर करतो. तिथे तुमचा अठराशेंचा नफा आठशेंवर आला.

म्हणून एकच दर मान्य करू नका, दोन दर मागा. जे मॉडेल तुमच्याकडे स्टॉकमध्ये नाही त्याला जोडणीचा दर. जे तुमच्याकडे उभे आहे त्याची ऑनलाइन ऑर्डर तुमच्या पिनकोडमधून आली, तर ती तुमच्याच स्टॉकमधून भरायची आणि ऑनलाइन भाव व तुमचा डीलर भाव यांतला फरक तुमचा. ग्राहकाचा फोन नंबर, परवानगीसह, दुकानालाही मिळायला हवा. पुढची पाच वर्षे सर्व्हिसिंग कोण करणार आहे?

या रकमेचे बिल तुम्ही ब्रँडला द्यायचे, कारण ती तुमची सेवा आहे; त्यावर १८ टक्के जीएसटी, आठशेवर १४४. जे जीएसटी नोंदणीशिवाय चालतात त्यांनी इथे सावध राहावे. महाराष्ट्रात ४० लाखांची सवलत फक्त मालच विकणाऱ्याला आहे. सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाखांवर येते, आणि दुरुस्तीची मजुरी, जोडणीचे कमिशन या सेवाच.

कार्टन उघडण्याआधी, आणि वॉरंटीत

वाटाघाटीत मिळवलेले दोन टक्के ट्रान्सपोर्टच्या दारात जाऊ शकतात. कार्टन उजव्या बाजूवर आडवे टाकून त्यावर थप्पी लागली की मागच्या गिअरचा हँगर वाकतो, म्हणजे गिअर फ्रेमला जिथे बसतो तो पातळ तुकडा. वरून काही दिसत नाही. मग कारागीर अर्धा तास गिअर सेट करत बसतो, चेन मोठ्या चक्रीवरून आत तारांत पडते आणि दोष केबलला दिला जातो. डिस्क ब्रेकच्या पॅडमधली प्लास्टिकची पट्टी प्रवासात निसटली आणि हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. पुढच्या फोर्कच्या टोकांमधला प्लास्टिकचा तुकडा नसेल तर टोके कार्टन फाडून बाहेर येतात आणि शेजारच्या फ्रेमचा रंग खरवडतात.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करण्याआधी फाटलेल्या, दबलेल्या कार्टनांचे नंबर बिल्टीवरच लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, न उघडता चारही बाजूंचे फोटो काढा. उघडताना व्हिडिओ. ब्रँडला ४८ तासांत ईमेल. करारात ही मुदत ठरलेली हवी आणि हँगर, ब्रेक पॅड, रिफ्लेक्टर, पायडल अशा किरकोळ गोष्टींसाठी दर पन्नास नगांमागे सुट्या भागांची एक पिशवी फुकट मागा. ब्रँडला ती स्वस्त पडते. एका पायडलसाठी सायकल तीन आठवडे अडकणे दोघांनाही महाग.

वॉरंटीत भाग ब्रँड देतो, मजुरी कोणी देत नाही. 'फ्रेमवर आयुष्यभर वॉरंटी' ग्राहकाला ऐकायला छान वाटते. फ्रेम बदलायची म्हणजे सायकल पूर्ण सोडायची, बी.बी. (पायडलच्या दांड्याचे बेअरिंग) आणि हेडसेट (हँडलचे बेअरिंग) काढून नव्या फ्रेममध्ये बसवायचे, केबली नव्याने ओढायच्या, ब्रेक-गिअर पुन्हा सेट करायचे. गिअरच्या सायकलला अडीच-तीन तास. याचा दर ठरवून घ्या, उदाहरणार्थ फ्रेमला ८००, फोर्कला २५०, चाकाला २००. जुना भाग परत पाठवायचे भाडे ब्रँडचे. नवा भाग १५ दिवसांत आला नाही तर दुकानातल्या सायकलचा भाग काढून ग्राहकाला द्यायची मुभा आणि त्याची भरपाई. यातले निम्मे मान्य झाले तरी वर्षाअखेरीस फरक जाणवतो.

कोणाशी किती बांधून घ्यायचे

'आमचाच ब्रँड ठेवा' या अटीच्या बदल्यात काय मिळते ते पाहा. पिनकोडनिहाय क्षेत्र लेखी मिळत असेल, त्यात ब्रँडचे स्वतःचे दुकान येणार नाही असे लिहिले असेल आणि भाव इतरांपेक्षा किमान दोन-तीन टक्के चांगला असेल, तर विचार करावा. नुसत्या बोर्डासाठी नाही. ॲटलास या सायकल कंपनीने ३ जून २०२० ला साहिबाबादचा कारखाना थांबवला, तो शेवटचा चालू कारखाना होता. इतके जुने नाव थांबू शकते तर कोणाच्याही भरवशावर सगळी भिंत रंगवून घेणे बरे नाही. एका ब्रँडचा हिस्सा खरेदीच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये, असे आमचे मत. डेकॅथलॉनसारखे मोठे दुकान शहरात असेल तर त्यांच्या स्वतःच्या सायकलींशी किमतीत भिडणाऱ्या मॉडेलमध्ये पैसे घालू नका. तो माल तुम्हाला मिळत नाही आणि तो भाव तुम्हाला परवडत नाही. पण तिथून घेतलेली सायकलही पंक्चर होतेच.

करार संपवताना काय, हे करार करतानाच लिहा. सूचना किती दिवसांची (६० बरी), न उघडलेला चालू मॉडेलचा माल ब्रँड बिलाच्या भावात परत घेणार की नाही, परतीचे भाडे कोणाचे, डिपॉझिट किती दिवसांत परत, थकलेल्या क्रेडिट नोटा शेवटच्या बिलातून वळत्या करता येतील की नाही, आणि आधी विकलेल्या सायकलींची वॉरंटी पुढे कोणाकडे जाणार. डिपॉझिटपेक्षा देणे थोडे जास्त असेल अशा बेताने शेवटच्या दोन महिन्यांची खरेदी करावी. पैसे परत मागत फिरण्यापेक्षा हिशेब वळता करणे सोपे. आणि सूचना देण्याआधी, थकलेल्या सगळ्या वॉरंटी क्लेमचे भाग मागवून घ्यावेत. सूचना गेल्यावर ते येत नाहीत.